रविवारचं औषध, बुधवारचं औषध

प्रसेनजितची गाडी केनवडात शिरली तेव्हा रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत आलेली होती, आणि शेजारी बसलेल्या संस्कृतीनं खिडकीची काच खाली केली. रविवार होता. म्हणजे मोठेबाबांचा, तिच्या थोरल्या काकांचा वार.

"एवढे लोक?" प्रसेनजितनं गाडी हळू केली. "सगळ्यांना कावीळ?"

"अर्ध्यांना. बाकीचे त्यांना घेऊन आलेत."

"आणि आज यांना आपण सांगणार, घरी जा म्हणून."

"यांना नाही. आधी मोठेबाबांना. नंतर यांना." ती जरा थांबली. "नंतर पप्पांना."

"पप्पांना शेवटी?"

"पप्पांना जमलं तर नाहीच."

आजोबा गेले त्या वर्षी दोघा भावांची वाटणी झाली होती. वावरं झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, घराच्या मधोमध भिंत आली, आणि शेवटी राहिलं काविळीचं औषध. ते काही मधून कापता येईना. तेव्हा पंचांनी, म्हणजे जेवायची वेळ टळत चाललेल्या चार माणसांनी, निकाल दिला की रविवार थोरल्या जगदेवचा आणि बुधवार धाकट्या हरीओमचा. बाकी नियम आजोबांचेच राहिले. पैसा घ्यायचा नाही. आलेल्या माणसाचं नाव विचारायचं नाही. आणि झाडाचं नाव कोणापुढे काढायचं नाही. नाव तोंडातून निघालं की गुण जातो. हा शेवटचा नियम दोघांनी इतका मनावर घेतला की एकमेकांनाही कधी विचारलं नाही. पहाटे जगदेव पूर्वेच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जात, हरीओम नाल्याकडे. गावाला वाटायचं, एकच औषध आहे आणि दोन वार आहेत. भावांना वाटायचं, बापानं खरं आपल्यालाच सांगितलं आणि दुसऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्याच्या हातात काहीतरी हिरवं ठेवलं.

संस्कृती अमरावतीला एका औषधनिर्माण कॉलेजात वनस्पतींच्या अर्कांवर संशोधन करायची. तिनं घरच्या औषधाची तपासणी करायची म्हटल्यावर दोघांनी तिला झाड दाखवलं नाही. वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून पूड दिली. पुडी देताना दोघांनीही तिला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली, की दुसऱ्याची तपासायची गरज नाही. तिनं दोन्ही पुड्या प्रयोगशाळेतल्या जोडीदाराच्या, प्रसेनजितच्या, हवाली केल्या आणि म्हणाली, यांच्यावर तूच खुणा घाल, कोणाची कोणती ते मला सांगू नको. प्रयोगशाळेत याला शिस्त म्हणतात. तिच्या घरी याला स्वसंरक्षण म्हटलं असतं.

निकाल शनिवारी लागला. एका पुडीनं यकृताच्या पेशींना काही केलं नव्हतं. दुसरीनं सगळ्या मारल्या होत्या. ती पुडी नाल्याकडची निघाली, हरीओमची, म्हणजे तिच्या बापाची. हे एवढंच असतं तर तिनं रात्रभर छताकडे पाहिलं नसतं. पण शुक्रवारी मोठ्या आईचा, म्हणजे जगदेवच्या वैजयंतीचा, फोन आला होता. त्यांच्या प्रज्वलला कावीळ झाली आहे. मोठेबाबांचे दोन डोस झाले, उतार नाही. "बाई, कोनाले सांगू नको," वैजयंती फोनवर कुजबुजली होती. "मी बुधवारीबी आनलं. डोक्यावरून पदर घेऊन तुह्या पप्पाच्या रांगेत उभी राह्यली. यायले कळलं तं मले घरात घेनार नाहीत."

तर अशी स्थिती होती. चुलतभावाच्या पोटात तिच्या बापाचं औषध होतं, आणि हे बोललं तर भिंत पडणार नव्हती, उलट वर काचा लागणार होत्या.

गाडी दारात थांबली. कारंजाहून प्रयागआत्या आलेली होती. ती दोघा भावांहून मोठी, त्यामुळे घरात ती असली की भांडणाचा आवाज अर्धा आणि वेळ दुप्पट व्हायचा. तिनं प्रसेनजितला आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग मानोऱ्यातला मोहल्ला विचारला, आणि त्या उत्तरानंतर पुढचं काही विचारलं नाही. चहा मात्र आला. भिंतीच्या अलीकडून एक कप आला, आणि तो संपायच्या आत पलीकडून हरीओम दुसरा घेऊन आला. कोणता आधी प्यायचा यावरही निकाल लागेल की काय अशा धास्तीनं प्रसेनजित दोन्ही कप समोर ठेवून बसून राहिला.

संस्कृती आत गेली. प्रज्वल दिवाणावर पडला होता, उन्हात ठेवलेल्या आंब्यासारखा. केनवडच्या स्टँडवर त्याचं मोबाइलचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाचा फोन दुरुस्त होईस्तोवर त्याला हसवत ठेवायचं हे त्याचं खरं भांडवल.

"आली का तू, पौर्णिमा?" तो म्हणाला.

दारातल्या दोघी-तिघी बायका हसल्या. पौर्णिमा ही संस्कृतीची मोठी बहीण, बाळंतपणाला अकोल्याला गेलेली. आईही तिच्यासोबत तिकडेच होती.

"मी संस्कृती आहे रे."

"हौ. बाळ कुठं ठेवलं मंग?"

पुन्हा हशा. "आजारात बी सोडत नाही मेला," एक बाई म्हणाली. "सकाळी शर्ट पायात घालून राह्यला होता. म्हने, आज माप चुकलं."

संस्कृती हसली नाही. प्रज्वलचे विनोद ती जन्मापासून सोसत आली होती आणि त्यांची एक रीत तिला पाठ होती: बोलून झालं की तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा, हसले का. आज तो बघत नव्हता. आज तो उत्तराची वाट बघत होता.

"रात्री झोपला होता का?" तिनं वैजयंतीला विचारलं.

"रातभर जागा अन् दिवसा झोपते. दोन दिवस झाले." वैजयंतीनं आवाज खाली आणला. "तुह्या तपासनीत काय निघालं? ते बुधवारचं... चांगलं हाय ना?"

"मोठी आई, याला आत्ताच्या आत्ता वाशीमला न्यायचंय."

"त्यायले सांग. मी सांगतलं तं म्हनतीन, लोकं दारात उभे अन् आपलाच पोरगा दवाखान्यात."

बाहेरून मोठेबाबांचा आवाज आला. "संस्कृती. ये बाहेर. लोकं खोळंबले. माहं पास झालं का नाही तेवढं सांग."

ओटा दोन्ही घरांचा सामाईक होता. भिंत उंबऱ्याशीच थांबली होती. जगदेव आपल्या बाजूला, हरीओम आपल्या बाजूला, आणि प्रयागआत्या मधोमध बसली होती.

"मोठेबाबा, ती परीक्षा नव्हती."

"निकाल म्हनली ना तू फोनवर?"

तिनं मोबाइलवरचा फोटो पुढे केला. एका पारदर्शक ताटलीत बारक्या बारक्या वाट्यांच्या ओळी होत्या. अर्ध्या जांभळ्या, अर्ध्या पिवळ्या.

"या वाट्यांमध्ये माणसाच्या यकृताच्या पेशी असतात. त्यांच्यावर औषध टाकायचं. मग एक पिवळं रसायन टाकायचं. पेशी जिवंत असली तर त्याचं जांभळं करते. मेलेली असली तर पिवळं तसंच राहते."

"कोनाच्या यकृताच्या?" आत्यानं विचारलं.

"परदेशातल्या एका पोराच्या. पंधरा वर्षांचा होता. त्याला बरीच वर्षं झाली. त्याच पेशी वाढवत वाढवत जगभर वापरतात."

"मंग त्या पोराचं काय झालं?"

"मला माहीत नाही, आत्या."

"त्याच्या मायले माहीत हाय का, तुमी त्याच्या कलेजावर आमची पूड टाकून राह्यल्या ते?"

प्रसेनजितनं चहाकडे पाहिलं.

"ते जाऊ दे," जगदेव म्हणाले.

"जांभळं कोनाचं?" जगदेव आणि हरीओम म्हणाले. दोघांनी एकाच वेळी, एकाच चालीत विचारलं. वाटणीनंतर भावांचं हे पहिलं एकमत असावं. दोघंही जरा ओशाळले आणि मग दोघांनीही प्रसेनजितकडे पाहिलं, कारण खुणांचा मालक तोच होता.

संस्कृतीनं मोबाइल आपल्याकडे वळवला. खरं सांगितलं तर मोठेबाबा जांभळं नाचवत आत जाणार, तिसरा डोस पाजणार. आणि खोटं तिला बोलता येत नव्हतं. लहानपणी प्रयत्न केला होता, कान लाल व्हायचे.

"नाव नाही सांगत," ती म्हणाली.

"काहून?"

"नाव सांगितलं की गुण जातो."

प्रसेनजितला ठसका लागला आणि कोणता कप खाली ठेवावा हे त्याला कळेना. हा नियम जगदेवनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितला होता; स्वतःला ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"बरोबर हाय पोरीचं," प्रयागआत्या म्हणाली.

"एकानं पेशी मरतात," संस्कृतीनं संधी सोडली नाही. "दुसऱ्यानं मरत नाहीत. पण मरत नाहीत म्हणजे कावीळ बरी होते असं नाही. ते अजून पाह्यलंच नाही आम्ही. म्हणून तोवर दोन्ही बंद."

"बंद," जगदेव म्हणाले. "अन् हे आलेले लोक? हे बरे होऊन जातेत ते काय फुकट?"

"पुष्कळांची कावीळ आपोआप उतरते, मोठेबाबा. औषध घेतलं तरी, नाही घेतलं तरी."

"म्हंजे आमी इतकी वर्षं काहीच नाही केलं."

"असं नाही म्हणत मी."

"असंच म्हनली."

हरीओम त्या एका प्रश्नानंतर बोलले नव्हते. ते मुळातच कमी बोलत. बुधवारी रांगेला तर फक्त मान हलवत. "पेशी मेल्या," त्यांनी हळू विचारलं, "म्हंजे मानूस मरते का?"

"तसं म्हणता येत नाही, पप्पा." तिनं ताटलीच्या फोटोकडे बघत उत्तर दिलं. "वाटीतलं वेगळं, अंगातलं वेगळं."

"मंग कायले घाबरवून राह्यली?"

"म्हणता येत नाही म्हणूनच घाबरते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

"माह्या पोरानं माहंच औषध घेतलं," जगदेव उठले. "दुसरं कोनाचं काही त्याच्या पोटात नाही. अन् मले माहं माहीत हाय. आज तिसरा डोस. तो चुकला तं पह्यले दोन वाया जातेत." कोनाड्यात झाकून ठेवलेली पितळी वाटी त्यांनी उचलली. संस्कृतीनं दाराकडे पाहिलं. दाराआड वैजयंती उभी होती. तिनं मान हलवली, इतकी बारीक की ती नाही होती की नुसती थरथर, कळलं नाही.

"थांब जगदेव," प्रयागआत्या म्हणाली. "पोरगी म्हनते दोन्ही बंद, तं दोन्ही बंद."

संस्कृती दाराकडे वळली.

"माहं चालू ठेवा," आत्या पुढे म्हणाली.

संस्कृती तिथंच थांबली. जगदेव वाटीसकट वळले. "तुहं काय?"

"औषध. बाबानं मलेबी देलं होतं. लगनाच्या आधी. म्हने, भावायले सांगू नको, त्यायले वाईट वाटंल. मी कारंज्याले देतो कोनी आलं तं. शुक्रवारी."

"तुले कायले देलं?" जगदेवनी विचारलं.

"अन् शुक्रवार कोनी ठरवला?" हरीओमनी विचारलं. ते चक्क भावाच्या बाजूला सरकून उभे राहिले होते.

"लेक हावो मी त्याची. वावरात हक्क सोडून देला, सही केली. याची कोनी सही मांगतली नाही."

"वाटनीत हे नव्हतं," जगदेव म्हणाले.

"वाटनीत मले बोलावलं कुठं होतं?"

"आत्या," संस्कृतीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "प्रज्वलला दिलंस का तू?"

"देलं ना. सकाळी. ताकात."

एक तपासलेलं निरुपद्रवी, एक तपासलेलं विषारी, आणि एक ताकातलं. तिनं प्रसेनजितकडे पाहिलं. तो उठून सरळ आत गेला, आणि कोणी अडवायच्या आत प्रज्वलसमोर बसला.

"मी डॉक्टर नाही," त्यानं आधी सगळ्यांना सांगून टाकलं. मग प्रज्वलला म्हणाला, "भाऊ, एसटी येतेय असं समज. थांबवायची आहे. दोन्ही हात समोर, पंजे वर. धरून ठेव."

प्रज्वलनं हात धरले. पंजे खाली पडले. त्यानं उचलले. पुन्हा पडले, भिजलेल्या पाखराच्या पंखासारखे फडफडले.

"थांबली नाही," प्रज्वल शांतपणे म्हणाला. "दुसरी येईल."

या वेळी बायकाही हसल्या नाहीत. प्रसेनजित उठला, त्याच्या चेहऱ्यावरचा पाहुणेपणा गेला होता. "यकृत थकलं की मेंदूवर येतं ते. हे हात तसे आहेत. मला चूक ठरायला आवडेल. पण रस्त्यात चूक ठरू दे."

जगदेव वाटी धरून उभेच होते. "डोस देऊन निघू," ते म्हणाले. "एकच घोट हाय."

तेव्हा वैजयंती दाराआडून बाहेर आली. ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. कोपऱ्यातली चप्पल पायात घातली, खुंटीवरचा प्रज्वलचा शर्ट घेतला, ओटा उतरली, आणि सगळ्या रांगेदेखत प्रसेनजितच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. दार तिनं उघडंच ठेवलं. आता त्या दारातून मुलगा आत येणार किंवा बायको बाहेर येणार नाही, एवढं जगदेवना कळलं असावं. त्यांनी वाटी कोनाड्यात ठेवली. वर झाकणही ठेवलं.

मुलाला खांद्याचा आधार देऊन ते ओटा उतरले तेव्हा रांग आपोआप दुभंगली. पुढेच मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेली केशरबाई उभी होती, नातीला कडेवर घेऊन. दोन बस बदलून आली होती.

"पोराले कुठं नेऊन राह्यले, बापू?"

जगदेव थांबले. हा प्रश्न त्यांना त्यांच्याच ओट्यासमोर, त्यांच्याच वारी विचारला जात होता, आणि उत्तर ऐकायला टाकीपर्यंत लोक होते. संस्कृतीला वाटलं, आता ते काहीतरी बनवून सांगतील. नवस, देवदर्शन, काहीही.

"दवाखान्यात," जगदेव म्हणाले.

"मंग आमी काय करू?"

त्यांनी नातीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग आपल्या खांद्यावरच्या डोक्याकडे. "तूबी ने," ते म्हणाले. "रिसोडले सरकारी हाय. आजच ने."

रांगेत कुजबूज पसरत टाकीकडे गेली. गाडी निघाली तेव्हा संस्कृतीनं मागे पाहिलं. लोक लगेच हलले नव्हते. औषध देणाराच निघून गेला तर रांग कशाची, हे ठरवायला त्यांना वेळ लागत होता. गाडीमागे मोटरसायकलवर हरीओम होते. त्यांना गाडीत या असं कोणी म्हणालं नव्हतं, आणि येऊ नका असंही.

रस्ताभर प्रज्वल झोपला होता. वैजयंती दर थोड्या वेळानं त्याच्या नाकासमोर बोट धरत होती. मागे दाटीवाटीनं बसलेली प्रयागआत्या मध्येच म्हणाली, "माह्यानं काही व्हत नाही, साधं हाय ते," आणि कोणी उत्तर दिलं नाही तशी आणखी एकदा म्हणाली, जरा हळू.

वाशीमला खाजगी दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी प्रज्वलला नाव विचारलं, वार विचारला. नाव त्यानं बरोबर सांगितलं. वार बुधवार सांगितला. रक्त घेतलं, सलाइन लावलं, आणि रिपोर्ट आल्यावर घरच्यांना केबिनमध्ये बोलावलं. खुर्च्या दोनच होत्या. वैजयंती आणि आत्या बसल्या, जगदेव आणि संस्कृती मागे उभे राहिले, हरीओम दारातच.

"रक्त गोठायला वेळ लागतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यकृताला बराच मार बसलाय. इथं ठेवतेय, पण उद्यापर्यंत आकडे सुधारले नाहीत तर नागपूर. मनाची तयारी ठेवा." मग त्यांनी पेन घेतलं. "झाडपाला काय काय दिलाय?"

आत्यानं पदर सावरला.

"मी रागवत नाही. नावं सांगा. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी कशाशी लढतेय तेच मला कळणार नाही."

जगदेवनी दाराकडे पाहिलं. दारात भाऊ होता. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मग ते टेबलावर ओणवे झाले आणि ज्या आवाजात माणूस मृत्युपत्र सांगतो त्या आवाजात म्हणाले, "भुईआवळी."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. "हं. अजून?"

जगदेव तसेच ओणवे राहिले. "तुमाले माहीत हाय ते?"

"अहो, काविळीला सगळेच देतात. नेटवर आहे." त्या पुढच्या ओळीवर गेल्या. "अजून काय?"

संस्कृतीनं मोठेबाबांना कधी म्हातारं झालेलं पाहिलं नव्हतं. ते त्या दोन वाक्यांत झाले. सगळ्या पहाटा, चिखलातून अनवाणी, कोणी बघत नाही ना याची खात्री करत धुऱ्यावर जाणं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं.

"एरंडाचा पाला," आत्या म्हणाली. "ताकात. आज सकाळी." मग न राहवून, "हेबी सगळेच देतात का?"

"देतात, आजी."

"बाबा तं म्हनत होते, फक्त तुलेच सांगतो."

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. "एवढंच? एवढ्यानं इतकं सहसा होत नाही. आणखी काहीतरी आहे."

संस्कृती जमिनीकडे पाहत होती. फरशीचे तुकडे बसवताना गवंड्यानं एक उलटा बसवला होता. तिला वाटलं, आता बोलावं लागणार. नाव तिला माहीत नव्हतं, पण बोट कोणाकडे दाखवायचं ते माहीत होतं.

"पाहुनी," दारातून आवाज आला.

सगळे वळले. हरीओम आत आले नव्हते. उंबऱ्यावरच होते, हातात गाडीची किल्ली.

"काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाबा त्याले पाहुनी म्हनत. दुसरं नाव मले माहीत नाही."

"पाहुणी म्हणजे कोणती वनस्पती?"

"नाल्याच्या काठाले येते. दरसाल येत नाही. म्हनून पाहुनी." ते थांबले. ज्या नावासाठी इतकी वर्षं जीभ आवरली, ते नाव जगात दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं; चोरायला कोणी आलं असतं तरी त्याला काही सापडलं नसतं.

पेन थांबलं होतं. संस्कृती टेबलाजवळ आली. "मॅडम, हिची पूड आम्ही तपासली. यकृताच्या पेशींवर." तिनं बापाकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा. "सगळ्या मेल्या."

"कधी कळलं?"

"काल."

हरीओमनी मान हलवली. तशीच, जशी ते बुधवारी रांगेला हलवत.

डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. "आणि हे पेशंटला कोणी पाजलं?"

वैजयंतीचे ओठ हलले. पदराचं टोक तिच्या मुठीत गोळा झालं होतं. हरीओमनी पाऊल आत टाकलं. संस्कृतीनं डोळे मिटले, कारण यानंतर जे होणार ते तिला रात्रभर छतावर दिसलं होतं.

"मी," जगदेव म्हणाले.

तिनं डोळे उघडले.

"मीच पाजलं. बाप हावो त्याचा." त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या कागदाकडे पाहत राहिले. "माह्यानं उतरत नव्हतं, तं मीच म्हनलं, आना. घरचंच औषध हाय आमच्या. एकच घर हाय."

वैजयंतीनं नवऱ्याकडे मान वळवली. असं त्यांनी तिला कधीच म्हटलं नव्हतं. पण त्या बुधवारी ती निघाली तेव्हा रांगेत ओळखू न यावं असं तिचं जुनं लुगडं काढून दिवाणावर कोणी ठेवलं होतं, हे तिला आत्ता कळलं असावं, कारण तिची मूठ सुटली.

"कोणी का असेना," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना या घरात काय घडलं याची कल्पना नव्हती आणि वेळही नव्हता. "मला ते झाड हवंय. मुळासकट, फूल असेल तर फुलासकट. ओळख पटली तर नागपूरच्या लोकांना विचारता येईल. लवकर."

"मी आनतो," हरीओम म्हणाले.

"एकट्याले उजेड पुरनार नाही," जगदेव म्हणाले. "नाल्यात पानी किती हाय आता?"

"गुडघ्याइतकं." हरीओमनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "दादा, तुले जागा दाखवावी लागंल."

"पाह्यली असंल मी."

"नाही पाह्यली."

"बरं. नाही पाह्यली. चाल."

संस्कृती त्यांच्यामागे पायऱ्यांपर्यंत गेली. सांगायचं बरंच होतं: हातमोजे घाला, पिशवीत भरा, फोटो आधी पाठवा. तिनं तेवढंच सांगितलं. बाकीचं तिला मराठीत सुचलं नाही आणि प्रयोगशाळेच्या भाषेत त्याला शब्द नव्हता. तिचे पप्पा तिच्यासमोर थांबले.

"काल सांगतलं असतं तं," ते म्हणाले, "मी काल आनलं असतं."

"हो, पप्पा."

"ठीक हाय."

मोटरसायकल सुरू होईना. हरीओमनी किका मारल्या, चोक ओढला, पुन्हा मारल्या. जगदेव मागच्या सीटवर बसून होते, नंतर उतरले. धोतर खोचलं आणि भावाची गाडी दोन्ही हातांनी ढकलायला लागले, दवाखान्याच्या आवारात, ॲम्ब्युलन्सला वळसा घालून. गाडी एकदम सुरू झाली आणि निघाली. हरीओमच्या लक्षात आलं नाही. ते गेटबाहेर गेले, रिसोडच्या रस्त्याला लागले, आणि मागे काहीतरी हलकं वाटलं म्हणून की काय, थांबले. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. एक पाय जमिनीला टेकवून ते तसेच, मान न वळवता, उभे राहिले.

जगदेव आवारातून चालत निघाले होते. मग पळायला लागले.